नदी धुणाऱ्या कलावती



'पर्यावरणीय स्त्रीवाद' हा शब्द कानास जड लागतो खरा. त्यातील विचार मात्र सरळ आहे. फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाझ दोबॉन हिने १९७४ साली तो शब्द घडविला. ज्या वृत्तीने पुरुष स्त्रीवर स्वामित्व गाजवितो, त्याच वृत्तीने तो भूमी, जल व वने यांवरही गाजवितो, असे या मताच्या लोकांचे म्हणणे आहे. अमेरिकेत कॅरोलिन मर्चंट हिने १९८० च्या ग्रंथात दाखविले की, पृथ्वीस माता मानणारा युरोप सोळाव्या-सतराव्या शतकांत तिला यंत्र मानू लागला. मातृभावनेचा जो थोडा लगाम होता, तोही सुटला.

असेल. पण नुसत्या मातृभावनेवर आमची भिस्त नाही. लाओ-त्सेच्या नावावरील प्राचीन चिनी ग्रंथात विश्वाच्या मूळास गूढ स्त्रीतत्त्व म्हटले आहे. आणि त्याच चीनमध्ये शतकानुशतके मुलींची पावले बांधून खुंटविली जात. तत्त्वास वंदन आणि प्रत्यक्ष स्त्रीस बंधन!

म्हणून आम्हांस ग्रंथांपेक्षा काही कलावतींची कृती अधिक मोलाची वाटते. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकेलिस हिने मूल झाल्यावर १९६९ साली एक जाहीरनामा लिहिला. झाडणे, पुसणे, धुणे ही जग टिकविणारी कामे हीच आपली कला, असे तिने त्यात सांगितले. पुढे १९७९-८० मध्ये तिने त्या शहराच्या सुमारे ८५०० सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केले व प्रत्येकाचे आभार मानले. ८५०० हात! या सभागृहात बसलेल्या आपणांपैकी कितीजणांनी असा एक तरी हात हाती घेतला आहे?

आता चीनकडे वळू. १९९५ साली चेंगदू शहरी बेट्सी डेमन या अमेरिकन कलावतीने नदीसाठी कलाकारांना एकत्र केले. त्यांत यिन शिउझेन ही तरुण चिनी कलावती होती. तिने नदीचे १० घनमीटर दूषित पाणी गोठवून त्याच्या लाद्या काठावर रचल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांस कुंचे व स्वच्छ पाणी देऊन त्या धुण्यास सांगितले. लोक धुऊ लागले. बर्फ वितळे, आणि ती घाण पुन्हा नदीतच जाई. कुणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. परंतु जी गृहिणी रोज तीच भांडी घासते, तिला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

डेमनबाई तेथेच थांबल्या नाहीत. चिनी तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी त्याच नदीकाठी एक उद्यान उभे केले. ते १९९८ साली पुरे झाले. आकार माशाचा. नदीचे पाणी आत घेतात. ते आधी निवळते, मग दगडी पात्रांतून खळाळत, पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून झिरपत पुढे जाते. शेवटी जेथे ते स्वच्छ होऊन येते, तेथे मुले त्यात पाय बुडवून खेळतात.