मनाचे वैद्य कसे घडतात?



मनोविश्लेषणाने उपचार करणारा वैद्य केवळ ग्रंथ वाचून तयार होत नाही. १९२० साली स्थापन झालेल्या बर्लिनच्या संस्थेत शिक्षणाची तीन अंगे ठरली: शास्त्राचा अभ्यास, अनुभवी वैद्याच्या देखरेखीखाली रोग्यावर उपचार आणि, सर्वांत कठीण, स्वतःच्या मनाचे विश्लेषण करून घेणे. आपल्याकडे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. पुढे मुंबईतही हे शिक्षण सुरू झाले.

परंतु येथे एक पेच होता. कित्येक संस्थांत ज्याच्यापुढे शिष्याने मन उघडे करावयाचे, तोच गुरू त्याच्या योग्यतेबद्दल मत देई. परीक्षकापुढे आपले दोष कोण मोकळेपणाने सांगेल? आणि जे दोष झाकले जातात, त्यांची झळ पुढे रोग्याला लागते. म्हणून अनेक संस्थांनी ही दोन कामे वेगळी केली. माझ्या मते खरी सुधारणा ती हीच.

तासगावच्या बागाईतदारांना हे सांगावयास नकोच. छाटणीवाचून द्राक्षवेल फळत नाही. मात्र छाटणारा मुळावर कात्री चालवीत नाही. स्वतःला तपासणे हे या विद्येचे मूळ आहे. तेव्हा मनाच्या वैद्याकडे जाताना, “आपण कोठे शिकलात? आपले काम कोण तपासतो?” असे विचारण्यास संकोच धरू नका.