पी.पी. नंबर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मी भंगाराच्या दुकानात गेलो तो घरातला गंजलेला कूलर आणि रद्दी विकायला. परत आलो तो काखेत एक काळा टेलिफोन घेऊन. बायको दारातच उभी होती. म्हणाली, "भंगार देको भंगारच लाए?" तिचं काही चुकलं नव्हतं.

झालं असं, की भंगारवाल्याच्या हातात हातोडी होती. जुन्या फोनचा तो काळा सांगाडा बेकेलाइटचा असतो, आणि बेकेलाइटला भंगारात भाव नाही. भाव आतल्या तांब्याला आणि पितळेला. तेव्हा फोन फोडायचा, आतला जीव काढून घ्यायचा आणि वरची कवटी फेकून द्यायची. दोन फोन फुटून पडलेले होते, हा तिसरा. माझ्या तोंडून "थांबा!" निघून गेलं. भंगाराच्या दुकानात 'थांबा' म्हणालं की भाव वाढतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर तरी कळायला हवं होतं. चारशे रुपये पडले.

घरी येऊन धूळ झटकली. जड ऐवज. बुडाशी आय.टी.आय. ही अक्षरं. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे १९४८ साली बंगळूरला निघालेला सरकारी कारखाना. एके काळी देशातल्या घराघरांत, म्हणजे ज्या थोड्या घरांत फोन होता त्या घरांत, त्याचेच फोन असत. फिरवायच्या तबकडीला दहा भोकं, आणि मधोमध नंबर लिहायची गोल चिठ्ठी. चिठ्ठीवरची शाई पाण्यानं पार धुऊन गेलेली.

आता इथं मी तुम्हाला सांगू शकलो असतो, की तो आमच्याच गल्लीतला फोन निघाला. कवी माणसाला एवढी सूट असते. पण तसं काही नाही. तो कुणाचा होता ते मला माहीत नाही. आमच्या गल्लीतल्या फोनसारखा होता, एवढंच.

आमची गल्ली म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ख्वाजा शम्सुद्दीन गाझींच्या दर्ग्याच्या अलीकडची. आज गावाचं नाव धाराशिव. गल्लीच्या तोंडाला एक आडत दुकान होतं. तिथं शेठजींच्या गादीशेजारी, तिजोरीच्या डोक्यावर फोन. खाली क्रोशाचा रुमाल. गल्लीत दुसरा फोन नव्हता. त्या काळात फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, आणि मिळाला तरी यंत्र खात्याच्या मालकीचं, आपण नुसते वापरणारे. त्यामुळे अख्ख्या गल्लीचा नंबर एकच. लग्नपत्रिकेवर, शिंप्याच्या पावतीवर, मास्तरांच्या शिकवणीच्या पाटीवर शेठजींचा नंबर छापलेला असे आणि पुढे कंसात पी.पी. म्हणजे फोन शेजारी आहे, बोलावून देतात.

बोलावून देणारा मी होतो. वय अकरा-बारा. शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवर बसायचं, घंटी वाजली की शेठजी हाक मारत, आणि मी धावत सुटायचो. मजुरी म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. शेठजी कुणाला नाही म्हणत नसत. मात्र त्यांनी तबकडीच्या भोकात छोटं कुलूप अडकवलेलं होतं. आलेला फोन घ्या, पण इथून लावायचा नाही. आम्हा पोरांना त्यावरचा तोडगा ठाऊक होता. रिसीव्हर ठेवायची जी दांडी असते, ती टकटक दाबायची. पाच हवे तर पाचदा, थांबून दोन हवे तर दोनदा. नंबर लागायचा! का लागतो हे तेव्हा कळत नव्हतं. एकदा मार खाल्ला आणि ते ज्ञान तिथंच थांबलं.

लांबचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो आधी नोंदवायचा आणि वाट बघायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्यात वर्ग, पैसे त्याच क्रमानं चढत जाणारे. बोलणं तीन मिनिटांच्या हिशेबानं. गल्लीत ट्रंक कॉल आला, की दोनच शक्यता लोक धरायचे. मौत नाहीतर नोकरी.

१९८२ सालची गोष्ट. आमच्या घरामागं एक खाला राहायची. नात्याची नव्हे, मानलेली. तिचा नवरा, आमचे खालू, जेद्द्याला कामाला निघाले होते आणि मुंबईत विमानाची वाट बघत थांबले होते. एका संध्याकाळी घंटी वाजली. शेठजी ओरडले, "बंबईचा ट्रंक कॉल! पळ!" मी पळालो. पण वाटेत अस्वलवाला आला होता. अस्वल दोन पायांवर उभं राहून लोकांना सलाम करत होतं. मी एकच सलाम बघायचा ठरवला. मग ते नाचलंही.

खाला ओढणी सावरत, चप्पल न घालता, माझ्यापुढं धावत दुकानात पोचली. तिनं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडं काही नव्हतं. शेठजी काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "लाईन कट गई, खाला." खालू दुसऱ्या दिवशी गेले ते तीन वर्षांनी परत आले.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कवितेत आणली नाही. आणता आली असती, पण कवितेत आणली की आपण सुटतो, असं मला वाटत आलंय.

फोनची दुरुस्ती गावात कुणी करत नाही. मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं तो हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "याचा चार्जिंग पॉइंट?" शेवटी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन काका सापडले. त्यांनी बुडाचे स्क्रू काढले तर घंटीच्या वाटीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. काका म्हणाले, "बघा, फोनमध्ये कुणीतरी राहत होतं." ते घर त्यांनी काडीनं अलगद काढलं. रिसीव्हरची सुती वेणीची दोरी कुजली होती, ती बदलावी लागली. तबकडी फिरवली की अर्ध्यात अडकायची.

मी उत्साहानं खोबरेल तेलाची बाटली पुढं केली. काका असे भडकले, की मी दोन दिवस त्यांच्याकडं गेलो नाही. तबकडीच्या मागं एक स्प्रिंग असते आणि वेग आवरणारा एक इवलासा गव्हर्नर. त्यात दोन वजनं असतात. तबकडी जोरात परतायला लागली की ती वजनं बाहेर फेकली जातात, घासतात आणि वेग ताब्यात ठेवतात. तिथं खोबरेल घातलं तर चिकटा होतो. शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकावरून एक थेंब.

मग काकांनी मला माझ्या लहानपणीचं कोडं सोडवून दाखवलं. तबकडी आपण बोटानं फिरवतो तेव्हा काहीच होत नाही. सोडल्यावर ती मागं येते, तेव्हा काम होतं. येताना ती तारेतला प्रवाह तोडते आणि जोडते. एकाला एक ठोका, दोनाला दोन, शून्याला दहा. सेकंदाला साधारण दहा ठोके, म्हणून शून्य परतायला सेकंदभर लागतो. एक्स्चेंज हे ठोके मोजतं. दांडी टकटक केली तरी प्रवाह तसाच तुटतो. आम्ही पोरं नकळत तबकडीचंच काम करत होतो.

त्या दोन संपर्कांमध्ये काकांनी जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालून ओढला. त्यावर काळी रेघ उमटली. "चाळीस वर्षांची बोलणी," म्हणाले. बोलायच्या बाजूला कार्बनचे बारीक दाणे भरलेली डबी असते. आवाजानं दाणे दाबले जातात, सैल होतात, आणि प्रवाह कमीजास्त होतो. वर्षानुवर्षं पडून राहिलं की दाणे एकमेकांना धरून बसतात. त्याला उपाय काय? टेबलावर दोन टपल्या. पूर्वी लोक फोन आपटायचे ते उगाच नव्हे! वरच्या सांगाड्याला मी स्वतः ब्रासो लावून घासलं, तीन संध्याकाळ. चौथ्या दिवशी त्यात माझा चेहरा दिसायला लागला, तेव्हा थांबलो.

काम करता करता काकांना मी स्ट्रोजरची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रोजर नावाचा, अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस होता. त्याला संशय, की आपल्याला येणारे फोन ऑपरेटर बाई दुसऱ्या दुकानदाराला जोडून देते. म्हणून त्यानं ऑपरेटरशिवाय नंबर जोडणारं यंत्रच काढलं. त्याचं पेटंट १८९१ सालचं. फिरती तबकडी आली ती काही वर्षांनी, त्याच्याच कंपनीतल्या माणसांच्या डोक्यातून. काकांना गोष्ट आवडली. "म्हणजे मधल्या माणसावर भरवसा नाही म्हणून हे सगळं," ते म्हणाले. मी मान खाली घालून ब्रासो घासत राहिलो. आमच्या गल्लीतला मधला माणूस मीच होतो.

काका स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर त्यांना सास्तूरकडं पाठवलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. मुंबई-पुण्याला असलेली माणसं आपल्या गावी फोन लावत होती, आणि इकडं उचलायला घरच उरलेलं नव्हतं. यापुढं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

फोन तयार झाला, पण लावायचा कुठं? आमच्या घरची तांब्याची तार कधीच गेली. आता फायबरची केबल येते, तिच्या डब्याला फोनचं एक भोक असतं. काकांनी तिथं जोडून दिला. मी मोबाइलवरून नंबर लावला आणि घंटी वाजली. शेजारच्या घरातलं पोर गच्चीवरून वाकून बघायला लागलं. मग मी मोठ्या ऐटीत तबकडी फिरवून मोबाइलला फोन लावायला गेलो. काही नाही. काका म्हणाले, या डब्याला बटणांचे सूर कळतात, ठोके मोजता येत नाहीत. थोडक्यात, आमच्या फोनवर फोन येतो, जात नाही.

या ईदला खाला शीरखुर्मा घ्यायला घरी आली. वय ऐंशीच्या पुढं. खालूंना जाऊन नऊ वर्षं झाली. फोनसमोरच्या खुर्चीवर बसली, हात लावून बघितला आणि विचारलं, "लगता क्या?" मी सांगितलं, आलेला घेता येतो, लावता येत नाही.

"मग तेव्हा तरी काय होतं?" ती म्हणाली. "आम्ही कधी लावला का फोन? यायचाच."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या सगळ्या आठवणी धावण्याच्या, तिच्या वाट बघण्याच्या. मग मी तिला सांगून टाकलं. अस्वल, सलाम, नाच, सगळं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

खाला चमच्यानं खजूर बाजूला करत होती. म्हणाली, "रीछ का तो मेरेकू शेठजी उसीच दिन बोले थे." थोडा वेळ गेला. "ते तरी काय बोलणार होते तीन मिनिटांत? चावी कुठं ठेवली ते विचारलं असतं. पेटीची चावी ते सोबतच घेऊन गेले होते. मला कुलूप तोडावं लागलं."

मी विचारलं, आल्यावर तरी सांगितलं का त्यांनी, फोन कशासाठी केला होता? ती म्हणाली, "मैंच नहीं पूछी."

मग तिनं फर्माईश केली, वाजवून दाखव. मी मोबाइलवरून रिंग दिली. खालानं मान कलती करून ऐकलं आणि नाक मुरडलं. "आवाज बारीक है रे. वो तो हमारे घर लग आता था."

घंटीच्या वाट्या मधोमध बसवलेल्या नसतात, जरा एका बाजूला असतात. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती टोल्याच्या जवळ येते किंवा लांब जाते, आणि आवाज बदलतो. हे काकांनी शिकवलं होतं. मी फोन उलटा करून जमिनीवर बसलो. खाला म्हणाली, "सावकाश कर, मेरेकू जाने की जल्दी नहीं."