नवजात बालकाची परिचारिका आणि तिचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी सिद्धेश्वर येथे झालेले भाषण)



 मी वक्ती नव्हे. माझे आयुष्य गेले दवाखान्यात, तेही बहुतेक तान्ह्या बाळांच्या कक्षात. तेव्हा विषयही तिथलाच घेते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची काळजी घेणारी परिचारिका शिकते कशी, आणि शिकलेले तिच्या हातात टिकते कसे?

आपण म्हणाल, हा विषय दवाखान्याचा. मंडळाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. बाळाच्या आयुष्यातले पहिले २८ दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि त्यातही पहिला दिवस. शंभरातली दहाएक बाळे जन्मतः आपण होऊन श्वास घेत नाहीत. त्यांना थोडी मदत लागते. पुष्कळांना कोरडे पुसून पाठ चोळली की पुरते. काहींना मात्र पिशवी आणि मास्कने श्वास द्यावा लागतो, आणि तोही पहिल्या मिनिटाच्या आत. त्या वेळी पुस्तक उघडायला सवड नसते. जे हातात असेल तेच कामाला येते.

हे हातातले ज्ञान कसे द्यावे, याचा उत्तम धडा आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने थोड्या शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. या आरोग्यदूतांनी ३९ गावांत घरोघर जाऊन काम केले. वर्षाला हजारी साठांवर बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती; तो आकडा तीन वर्षांत पंचविसाच्या आसपास आला. १९९९ साली हा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि जगाने त्याची दखल घेतली.

मला त्यात विशेष वाटते ते शिकवण्याच्या साधनांचे. ज्यांना मोजताना चुकण्याची भीती, त्यांच्यासाठी त्यांनी मण्यांचे श्वासमापक केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर ते धोक्याचे. शिकणारीला कमी न लेखता साधनच तिच्या हाताला बेताचे केले, हे खरे शहाणपण. याच अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. बाळ घरीच जन्मले, तर पहिल्या दिवशीही.

दवाखान्यातल्या परिचारिकेसाठीही सोयी झाल्या आहेत. २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवसांचे शिक्षण सुरू झाले. आजारी बाळांच्या कक्षासाठी त्याहून मोठे शिक्षण आहे, त्यात प्रत्यक्ष कक्षात राहून काम पाहावे लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ध्वनिचित्रफिती व पाठ तयार केले आहेत. एक वर्षाची नवजात परिचर्येची पदविकाही आहे. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडोत परिचारिकांना बालरोगाचे जादा शिक्षण देऊन स्वतंत्र जबाबदारी देण्यास प्रारंभ झाला, आणि पुढे नवजात बाळांसाठी अशा परिचारिकांचा वेगळा वर्गच उभा राहिला. तिथे शिक्षण एकदा संपले असे होत नाही. ठराविक काळाने पुन्हा सिद्ध करावे लागते.

आपल्याकडे अडते ते इथेच. पाठ बहुतेक इंग्रजीत. रात्रपाळी करून आलेल्या मुलीने ते मोबाईलवर वाचावेत केव्हा? कक्षात दोन हात, आणि बाळे अनेक. सरावाची बाहुली कपाटात कुलूपबंद, कारण ती मोडली तर जबाब कोण देणार! शिकलेली बाई बदलीने दुसरीकडे जाते, आणि नवी येते ती नव्याने शिकते. आणि श्वास देण्याचा हात सरावाशिवाय काही महिन्यांतच जड होतो. चुलीवरची भाकरी वर्षभर थापली नाही, तर ती गोल येईल का?

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते.

पहिली : आपली खोली दुपारी रिकामी असते. महिन्यातून एक दुपार ती परिसरातल्या आशाताई, एएनएमताई व परिचारिका यांना सरावासाठी द्यावी. जाणत्या सिस्टरने करून दाखवावे, इतरांनी करावे, मग एकमेकींचे तपासावे.

दुसरी : आपल्यात शिवणकाम येणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी दोन किलो वाळू भरून कापडी बाहुल्या शिवाव्यात. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. ती शिकवायला अशी बाहुली पुरेशी आहे. पिशवी-मास्कसाठी मात्र छाती वर येणारी खास बाहुली लागते. तिच्यासाठी मंडळाच्या निधीतून सोय व्हावी.

तिसरी : मराठी चोपडी. धोक्याची लक्षणे साध्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहावीत : दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेले, श्वास जलद, छाती आत ओढली जाते, हालचाल मंदावली, झटके येतात. ही वही डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि मगच वाटावी. सासूबाईंनाही ती वाचून दाखवावी, कारण बाळाला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे पुष्कळ घरांत त्याच ठरवतात.

भगिनींनो, पूर्णेवर बांध घातला तेव्हा इथल्या शिवाराला पाणी मिळाले. पण पाणी साठवून भागत नाही, ते पाटाने शेतापर्यंत न्यावे लागते. ज्ञानाचेही तसेच. दिल्लीत, गडचिरोलीत ते साठलेले आहे. ते आपल्या दाराशी आणणारा पाट आपणच काढायचा आहे. मंडळाने पुढच्या महिन्याचीच एक दुपार ठरवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.