मुलांच्या बचतीसाठी गल्ला कोणता घ्यावा?



बचतीचे महत्त्व आपण वर्गात सांगतो. परंतु मूल घरी गेल्यावर सुटे पैसे ठेवते कोठे, याचा विचार फारसा होत नाही. लहान मुलांसाठी कुंभाराकडील मातीचा गल्ला मला सर्वांत योग्य वाटतो. फोडल्यावाचून तो रिकामा होत नाही, हाच त्याचा गुण. पत्र्याच्या डब्याचे झाकण सहज निघते. मग बाजाराच्या दिवशी घरातील वडील माणसे त्यातून ‘उसने’ घेतात आणि परत करण्याचे राहून जाते. बचतीविषयी मुलाच्या मनात अविश्वास उत्पन्न होतो तो येथेच. कुलपाचा डबा घ्यावयाचा झाल्यास किल्ली कोणाजवळ राहील, हे पालकांशी बोलून आधीच ठरवावे.

फट अवश्य पाहावी. 10 व 20 रुपयांच्या नाण्यांचा व्यास 27 मिलिमीटर असतो. फट त्याहून थोडी लांब असावी, पण रुंद नसावी. नाहीतर गल्ला उपडा करून पट्टीने नाणी काढण्याची विद्या मुलांना आपण न शिकवताच येते!

फार मोठा गल्लाही नको. 25 पैसे व त्याखालील नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. वर्षानुवर्षे न फोडलेल्या गल्ल्यांतील अशी नाणी निरुपयोगी ठरली. 10 वर्षे पूर्ण झालेल्या मुलास टपाल कार्यालयात स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते व त्यास आरंभी 500 रुपये लागतात. तेव्हा पाच रुपयांची शंभर नाणी मावतील एवढाच गल्ला घ्यावा, आणि फोडल्यावर ती मुलाकडूनच मोजून घ्यावीत.