चिखलाचा टायर आणि लालबहादूर शास्त्री मार्ग

आज दुचाकीच्या टायरविषयी बोलायचं आहे. आणि दुचाकी म्हणजे शहरात कामावर नेणारी आणि सुट्टीच्या दिवशी घाटात, मातीच्या वाटेवर जाणारी, अशी दुहेरी कामाची मोटरसायकल. 2016 साली रॉयल एनफील्डची हिमालयन आली, 2019 साली हीरोची एक्सपल्स 200 आली, आणि त्यानंतर मुलुंड, भांडुप, ठाणे या पट्ट्यातल्या तरुणांच्या पार्किंगमध्ये अशा गाड्या दिसू लागल्या. या दोन्ही गाड्यांचं पुढचं चाक 21 इंचांचं आहे. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि दगडावरून सहज चढतं, म्हणून ते असं ठेवलेलं असतं. चाक, सस्पेन्शन, जमिनीपासूनची उंची हे सगळं कारखान्यात ठरून येतं. मालकाच्या हातात खरा निर्णय उरतो तो पहिला टायर झिजल्यावर, आणि तो निर्णय बहुतेक वेळा डोळ्यांनी घेतला जातो. मोठमोठ्या ठोकळ्यांचा टायर दिसायला दणकट, गाडीला शोभणारा, म्हणून तोच चढवला जातो. माझं म्हणणं असं आहे, की ज्या रस्त्यावर तुम्हाला अचानक आणि जोरात ब्रेक दाबावा लागतो, त्या रस्त्यासाठी टायर घ्यावा. इतर रस्त्यांवर आपल्याला वेग कमी करता येतो. समोर रिक्षा एकदम थांबली, तर तिथे वेग निवडायची सवड कुणालाच मिळत नाही.

हे का, ते समजून घ्यायला टायर जमिनीला धरतो कसा, ते पाहावं लागेल. धावत्या मोटरसायकलचा प्रत्येक टायर कुठल्याही क्षणी साधारण तळहाताएवढ्या जागेत जमिनीला टेकलेला असतो. डांबर किंवा काँक्रीट कठीण असतं, त्यामुळे तिथे रबरालाच रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरावं लागतं. जितकं जास्त रबर टेकेल आणि जितकं ते मऊ, लवचिक असेल, तितकी पकड चांगली. मातीत गणित उलटं होतं. तिथे जमीन मऊ असते, म्हणून ठोकळ्यांनी तिच्यात रुतून तिला मागे ढकलायचं असतं, आणि त्यासाठी ठोकळ्यांमध्ये रुंद मोकळी जागा लागते. ही मोकळी जागा त्या तळहातातूनच कापून घ्यावी लागते. चिखलासाठी दिलेली प्रत्येक फट ओल्या काँक्रीटवरच्या रबरातून वजा होते. शिवाय उंच ठोकळे ब्रेक दाबल्यावर वाकतात आणि वळणावर डुलतात. दुकानात 90-10, 80-20, 50-50 असे आकडे सांगितले जातात. पहिला आकडा रस्त्यासाठी, दुसरा मातीसाठी. हे आकडे कुठल्या सरकारी मोजमापातून आलेले नाहीत, टायर बनवणाऱ्यांनी आपापल्या अंदाजाने दिलेले असतात. एका कंपनीचा 70-30 दुसऱ्या कंपनीच्या 80-20 सारखा निघू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा टायर प्रत्यक्ष बघावा आणि मधल्या पट्ट्यात रबर किती सलग आहे ते तपासावं. सरळ ब्रेक मारताना त्याच पट्ट्यावर सगळा भार येतो.

बर्फाच्या देशांत हाच पेच दुसऱ्या रूपात आहे, आणि तिथे तो इतका उघड दिसतो की आपल्याला त्याचा उपयोग व्हावा. गुलमर्गला गेलेल्यांनी बर्फावर चालणारी स्कूटर, स्नोमोबिल, पाहिली असेल. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या बोंबार्डियर यांच्या कारखान्यातून 1959 साली स्की-डू नावाची स्नोमोबिल बाहेर पडली आणि हे वाहन लोकांच्या हाती आलं. तिला मागे चाक नसतं, रबरी पट्टा असतो आणि त्यावर रबराची पाती असतात. दाबून कडक केलेल्या वाटेसाठी पट्टा 120 ते 129 इंच लांब आणि पाती इंच-सव्वा इंच उंच. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी पट्टा 154 इंच किंवा त्याहून लांब आणि पाती अडीच-तीन इंच. मधल्या गाडीला तिकडे क्रॉसओव्हर म्हणतात. तिचा पट्टा साधारण 137 ते 146 इंचांचा आणि पाती दीड इंचाच्या आसपास. डोंगरातली उंच पाती कडक वाटेवर आणली की ती वाकतात, तापतात, त्यांचे तुकडे उडतात आणि वेग खातात. त्यामुळे जाणकार तिथे वर्षातला बहुतेक काळ कुठल्या बर्फावर जातो हे आधी विचारतात आणि पात्यांची उंची त्यावरून ठरवतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी पाऊस ठेवा.

मुलुंडच्या माणसाचं वर्ष मोजून पाहू. समजा कामाचं ठिकाण 15 किलोमीटरवर आहे आणि वर्षाला 300 दिवस जाणं-येणं होतं. ते झाले 9,000 किलोमीटर. पावसाळ्यात चार वेळा कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाटात जाणं झालं, प्रत्येक वेळी जाऊन-येऊन सव्वादोनशे, म्हणजे आणखी 900. त्या प्रत्येक फेरीत मुख्य रस्ता सोडून धबधब्यापर्यंत किंवा एखाद्या वाडीपर्यंत दहा किलोमीटर माती लागली असं धरलं, तरी वर्षाला माती भरते 40 किलोमीटर. एकूण धावेच्या हजारात चार. आणि उरलेले हजारातले 996 कुठले? लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो 4 च्या कामाचे अडथळे आणि लोखंडी पत्रे, बाजूच्या गल्ल्यांतले पेव्हर ब्लॉक, मॅनहोलची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे रंगाचे पट्टे, पूर्व द्रुतगती महामार्गावरचं भरधाव अवजड वाहन. मुंबई उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पहिल्या सरीत तर रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर तयार होतो. गाडी घसरते ती बहुतेक इथे. यातल्या कुठल्याही जागी ठोकळ्याला रुतायला माती नाही. लोखंडी पत्र्यावर तर टेकलेलं रबर आणि हलका हात, या दोनच गोष्टी उपयोगी पडतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की खोल खाचांचा टायर पाणी जास्त बाहेर काढतो, मग पावसात तोच सुरक्षित नाही का? प्रश्न रास्त आहे. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा अभ्यास नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर केला. त्यातून निघालेला नियम असा: साचलेल्या पाण्यात गुळगुळीत टायर कुठल्या वेगाला तरंगू लागेल, ते आतल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. दाब 30 पीएसआय असेल तर हा वेग येतो ताशी सुमारे 90 किलोमीटर, आणि हवा उतरून 20 वर आली तर सुमारे 75. मोटरसायकलचा टायर गोलाकार आणि अरुंद असल्यामुळे पाणी कापायला तो विमानाच्या टायरपेक्षा सोयीचाच. म्हणजे शास्त्री मार्गावरच्या 30-40 च्या वेगाला आपण तरंगत नाही. तिथे घसरतो ते पातळ ओल्या थरावर, आणि त्यासाठी जास्त रबर आणि बारीक, नीट काढलेल्या खाचा पुरतात. महामार्गावर मात्र हवेचा दाब हा जिवाचा प्रश्न होतो. नक्षीवर हजारो रुपये घालवणारा माणूस आठवड्याला एकदा हवा तपासत नसेल, तर त्याने पैसे चुकीच्या जागी खर्च केले.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा वाटतो: मग मधला 50-50 घ्यावा, दोन्हीकडे निम्मं-निम्मं काम होईल. इथेच बहुतेकजण फसतात, आणि त्याला कारण आपल्या सह्याद्रीचा चिखल आहे. पावसातली आपली चिकणमाती फटींमध्ये भरते आणि तिथेच बसते. फटी पुरेशा रुंद असतील तरच चाक फिरताना ती उडून जाते. नाहीतर चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांत टायर मातीचा गोळा होतो आणि त्याची नक्षी असून नसल्यासारखी. भाताच्या खाचरालगतच्या वाटेवर मधला टायर त्यामुळे थोड्याच वेळात रस्त्याच्या टायरइतकाच असहाय होऊ शकतो. ओल्या काँक्रीटवर मात्र त्याने गमावलेलं रबर वर्षभर गमावलेलंच राहतं. मधला टायर जिथे खरा कामाला येतो ती जागा म्हणजे मुरमाड, खडीची, दगडगोट्यांची कोरडी वाट. डिसेंबरनंतर अशा वाटांवर नियमाने फिरणाऱ्याने तो जरूर घ्यावा. मुरबाड, शहापूरकडे रोज मातीच्या रस्त्याने दूध पोचवणाऱ्या माणसाचं गणित तर पूर्ण वेगळं आहे. त्याला ठोकळ्यांचा टायरच हवा, आणि शहरातल्या माणसाने त्याला शहाणपण शिकवू नये. लडाखचं स्वप्न असणाऱ्यांनीही एवढं लक्षात घ्यावं, की सीमा सडक संघटनेमुळे तिथल्या मुख्य मार्गांचा मोठा भाग आता डांबरी आहे. त्या पंधरा दिवसांसाठी 80-20 किंवा 70-30 पुरतो, वर्षभर 50-50 वागवण्याची गरज नाही. आणि माळशेजच्या त्या दहा किलोमीटरचं काय? तिथे वेग ताशी 15-20 वर आणा, मागे बसलेल्याला उतरवा, चिखल घोट्यापेक्षा खोल असेल तर गाडी डांबरावर ठेवून चालत जा. हवा चार-पाच पीएसआयने कमी केली तरी पकड सुधारते; पण तारांच्या चाकात ट्यूब असेल तर जास्त हवा काढू नका, टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. डांबरावर परतलात की आधी हवा भरा.

तिसरी हरकत पैशाची: कडक रबराचा टायर जास्त चालतो. चालतो हे खरं. पण जास्त टिकण्यासाठी घेतलेला कडकपणा ओल्या रस्त्यावरची पकड कमी करतो, आणि टायर जुना होत जाईल तसं रबर आणखी टणक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. दुचाकीच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली 0.8 मिलिमीटर आहे. मुंबईच्या पावसाळ्यात तिथवर ताणणं मला धोक्याचं वाटतं. खर्चाला हात आखडता घ्यायचाच असेल तर मागच्या टायरवर घ्या. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. पुढे टणक जुना टायर आणि मागे नवा कोरा, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडी म्हणूनच मला काळजीत टाकते.

मुलुंडकरांना टायर लांबून आणावा लागत नाही. शेजारच्या भांडुप-नाहूरला सिएटचा कारखाना आहे. ही कंपनी मुळात 1924 साली इटलीतल्या तुरीन शहरात सुरू झाली आणि तिची भारतीय कंपनी 1958 साली स्थापन झाली. पहिली हिमालयन गाडी याच कंपनीच्या दुहेरी वापराच्या टायरवर आली होती. टायर कुणाचाही घ्या, दुकानात पुढच्या गोष्टी स्वतः वाचा. गाडीच्या पुस्तिकेतला आकार तसाच ठेवा. रुंद टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो आणि चाकाचा घेर बदलला की एबीएसच्या हिशेबात घोळ होऊ शकतो. बाजूवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहा. तिथेच चार आकड्यांची तारीख असते: 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर स्वस्तात मिळाला तरी नको म्हणा. बसवून घेतल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका आणि ब्रेक हळू दाबा, कारण नव्या रबरावरचा गुळगुळीत थर तेवढ्यात निघून जातो. तेव्हा टायर बदलायचा असेल तर मे महिन्यातच बदला, म्हणजे पहिली सर येईपर्यंत रबराची वरची कातडी गेलेली असेल.