कंपवाताची नवी उकल

हात थरथरणे, चाल मंदावणे, अक्षर बारीक होत जाणे ही कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सनची लक्षणे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचालींवरचा ताबा सुटू लागतो.

या पेशी का मरतात? 1997 मध्ये एक महत्त्वाचा धागा हाती लागला. काही कुटुंबांत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. हे प्रथिन चुकीच्या पद्धतीने दुमडते आणि त्याच्या गुठळ्या पेशींमध्ये साचतात. काही रुग्णांत या गुठळ्यांची सुरुवात आतड्यांतून होत असावी, असाही संशोधकांचा कयास आहे. कारण बद्धकोष्ठता कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठीच्या कण्यातील द्रव तपासून बहुतांश रुग्णांत हे बिघडलेले प्रथिन ओळखता आले.

उपचारांत लेव्होडोपा हे आजही मुख्य औषध. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतही हे द्रव्य असते. पण त्याचे प्रमाण कमी-जास्त असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. आजार थांबवणारे औषध अजून हाती नाही. चाचण्या सुरू आहेत. नियमित व्यायामाने मात्र हालचाल सुधारायला मदत होते. घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल मंदावली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांना वेळेवर दाखवा.