अकरावीचा फॉर्म
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



कालपासून आपल्या गप्पा फिरून फिरून मुलांच्या ॲडमिशनवर येतायत. कोणाचा मुलगा जेईईच्या क्लासला आहे, कोणाची मुलगी नीट पुन्हा देतेय. ‘तुमच्या अमेरिकेत कसं असतं ते सांग,’ असं संयोजकांनी म्हटलं, म्हणून उभी राहिले.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. तिथे हायस्कूल नववी ते बारावी. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असे फाटे नाहीत. दरवर्षी पुढच्या वर्षाचे विषय मुलांनीच निवडायचे. ऐकायला छान वाटतं ना? पण नावाजलेली कॉलेजं नुसते मार्क बघत नाहीत. तुमच्या शाळेत जे अवघड विषय होते त्यांतले तुम्ही किती घेतले, तेही बघतात. अवघड म्हणजे बहुतेक वेळा एपी: शाळेतच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास आणि मे महिन्यात परीक्षा. साध्या विषयातल्या ‘ए’ला सरासरीत 4 धरतात, एपीतल्या ‘ए’ला 5. हे कळलं आणि मी लगेच एक्सेल शीट उघडली.

माझ्या मुलीने अकरावीसाठी चार एपी विषय आणि सिरॅमिक्सचं तिसरं वर्ष निवडलं होतं. एका रात्री मी तिच्या ऑनलाइन फॉर्ममधून सिरॅमिक्स काढलं आणि एपी केमिस्ट्री टाकलं. तिला न विचारता. मडकी काय, सुट्टीतही करता येतात!

ऑगस्टमध्ये टाइमटेबल हातात आल्यावर तिला कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, तुझा अकरावीचा फॉर्म कोणी भरला होता?”

आप्पांनी. 1996 साली, आमच्या ओट्यावर बसून. तुमच्यातल्या निम्म्यांचाही असाच भरला गेला असेल. तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या बेरजेवर व्हायचा. बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की दोनशे मार्कांच्या त्या एका विषयापायी बायॉलॉजी आणि मराठी दोन्ही सुटायचं, आणि पीसीएमला वेळ मिळायचा. हिशोब चोख होता. आप्पांना मी दोष देत नाही, आजची नोकरी त्याच फॉर्मावर उभी आहे. पण त्या जूनमध्ये मराठीच्या बाई बाजारात भेटल्या. “मराठी ठेवलंयस ना गं?” मी “हो” म्हणाले. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. मी खोटं बोलले होते.

मुलीला हे सगळं सांगितलं. मग नियम नीट वाचले, म्हणजे जे आधी करायचं ते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जी सरासरी काढते, तिच्यात असे जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांचे धरतात, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांचे. तिचे चार होतेच! माझ्या पाचव्याने त्या आकड्यात काडीचीही भर पडणार नव्हती. आधी रिक्वायरमेंट वाचा, मग कोड लिहा, असं ऑफिसात ज्युनिअर मुलांना रोज सांगणारी मी.

दुसऱ्या आठवड्यात केमिस्ट्री सोडता आलं, पण तोवर सिरॅमिक्सचा वर्ग भरला होता. वर्षभर ती जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायची. यंदा बारावीला तो विषय तिने पुन्हा घेतलाय. फॉर्म तिने भरला, मी पासवर्डही विचारला नाही.

मुदतीआधी अर्ज गेले. अर्जासोबत साडेतीनशे शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची असतात. काय लिहिलं ते तिने मला दाखवलेलं नाही. निकाल मार्चमध्ये. काय होईल ते होईल, असं म्हणते खरी, पण रात्री झोप लागत नाही, ते तुमच्यासारखंच.

बाई, तिने तुमच्यासाठी एक कप पाठवलाय. कान थोडा वाकडा आहे, पण चहा गळत नाही, मी बघितलंय.